बोक्याचा कान बरा होतो आणि पुन्हा बिघडतो: खिशाला झेपेल अशी सोडवणूक

मेडिकलमधून कानाचे थेंब आणायचे, चार-पाच दिवस घालायचे, बोका शांत होतो. तीन आठवडे जातात न जातात तोच तो पुन्हा मान झटकायला लागतो, मागच्या पायाने कान ओरबाडून पाळीवर खपल्या आणतो, आणि आपण पुन्हा त्याच काउंटरवर. अशा चार फेऱ्यांचे पैसे एकत्र मोजले तर एका नीट तपासणीचा खर्च त्यात केव्हाच निघाला असता. म्हणून कमी पैशात कान बरा करायचा असेल तर पहिला खर्च औषधावर नको, कानात नेमकं काय आहे हे बघण्यावर करा.

आमच्या पेठेत, साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला, मांजर कुणा एकाचं नसतं. ते कौलावरून कौलावर जातं, एका घरी दूध पितं, दुसऱ्या घरी झोपतं आणि तिसऱ्यांच्या माळ्यावर पिल्लं घालतं. एकाच्या कानात जे असतं ते सगळ्या आळीत फिरतं. मी डॉक्टर नाही, पण या मांजरांची दवाखान्यात ने-आण बऱ्याचदा माझ्याकडे असते, आणि सारखा विचारला जाणारा प्रश्न हाच: एवढं औषध घातलं तरी कान परत का बिघडला?

आधी घरी बघा

दिवसाउजेडी दाराशी बसा आणि कानाची पाळी हलकी उलटी करा. चांगला कान आतून फिका गुलाबी असतो, मळ असलाच तर थोडा आणि पिवळसर, वास जवळजवळ नाही. कानात किडे झाले असतील, म्हणजे डॉक्टर ज्यांना इअर माइट म्हणतात ते, तर मळ काळपट, कोरडा, भुसभुशीत, कॉफी पावडर सांडल्यासारखा दिसतो. पिल्लांमध्ये आणि बाहेर फिरणाऱ्या मांजरांमध्ये हे सगळ्यात नेहमीचं कारण.

खात्री करायची एक फुकटची पद्धत आहे. कानाच्या तोंडाशी आलेला मळ कापसाच्या बोळ्याने टिपायचा आणि काळ्या कागदावर झटकायचा. मोबाइलची टॉर्च बाजूने तिरपी धरायची आणि मिनिटभर काही न करता नुसतं बघत राहायचं. घाई केली तर काहीच दिसत नाही. नजर स्थिरावली की मळाच्या चुऱ्यातून एखादा पांढरा ठिपका, अर्धा मिलिमीटरसुद्धा नसलेला, आपला आपण सरकताना दिसतो. दिसला तर निदान झालं. नाही दिसला तर किडे नाहीतच असं मात्र समजू नका. थोडे असले तर ते आत राहतात, मायक्रोस्कोपखालीच सापडतात.

मळ ओशट, तपकिरी आणि आंबूस वासाचा असेल तर बुरशीचा संशय येतो. सातारच्या पावसाळ्यात, घरातल्या उशा-गाद्याही दमट होतात त्या दिवसांत, हे जास्त दिसतं. पिवळा-हिरवट पू, घाण वास आणि कानाला हात लावू न देणं म्हणजे जिवाणूंचं काम. ही डोळ्यांची परीक्षा अर्धीमुर्धीच असते. किड्यांनी कान खराब केला की त्यावर बुरशी आणि जिवाणू दोन्ही बसतात, मग एकाच कानात तिघांचा संसार. कशाला कोणतं औषध लागेल हे अशा वेळी वासावरून ठरत नाही.

म्हणून डॉक्टरांकडे गेलात की एक वाक्य नक्की बोला: "डॉक्टर, थोडा मळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघता येईल का?" मळ तेलाच्या थेंबात पसरला की किडे आणि अंडी दिसतात. दुसऱ्या काचेला रंग दिला की बुरशी आणि जिवाणू दिसतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. काही ठिकाणी कान नुसता लांबून बघून तीन प्रकारची औषधं लिहून देतात. त्या चिठ्ठीपेक्षा काचेची फी देणं परवडतं.

चार दिवस बरं वाटलं ते का

माणसांच्या कानाच्या बऱ्याच थेंबांत जिवाणूंचं औषध, बुरशीचं औषध आणि थोडं स्टिरॉइड एकत्र असतं. स्टिरॉइडने सूज आणि खाज बसते. मांजर खाजवायचं थांबलं की आपल्याला वाटतं बरं झालं, पण किडा आत जिवंतच असतो, कारण त्याला मारणारं त्यात काही नसतं. शिवाय कानाचा पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करतात, मांजर बहिरं होऊ शकतं, तोल जाऊ शकतो. पडदा शाबूत आहे की नाही हे बघायला डॉक्टरांकडे कानात घालून बघायचं यंत्र असतं. घरून ते कळत नाही.

दुसरं कारण दिवसांचं. किड्याची अंडी साधारण 4 दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून अंडी घालणारा किडा तयार व्हायला सुमारे 3 आठवडे लागतात. बरीच औषधं अंड्यांवर चालत नाहीत. पाच दिवस औषध घालून थांबलात तर नंतर फुटणारी पिल्लावळ मोकळी सुटते आणि बरोबर तीन आठवड्यांनी मान झटकणं सुरू. तुमच्या मांजराचा त्रास ठरावीक अंतराने उलटत असेल तर तारखा लिहून ठेवा. तीन-चार आठवड्यांचं अंतर निघालं तर संशयाचं बोट किड्यांकडेच जातं.

तिसरं कारण शेपटीत असतं, म्हणजे अक्षरशः. मांजर झोपताना मुटकुळं करून शेपूट तोंडाशी आणतं, आणि कानातले किडे मानेवर, डोक्यावर, शेपटीच्या केसांत जाऊन बसतात. कानात कितीही थेंब घाला, शेपटीतले परत वर येतात. अंगभर चालणारं औषध फक्त कानातल्या औषधापेक्षा बरं पडतं ते यासाठी.

आणि चौथं कारण शेजारचं मांजर. हे पटवणं सगळ्यात अवघड. "आमच्या मनीला काही नाही हो, ती कुठं खाजवते?" असं काकू म्हणतात आणि त्या खोटं बोलत नसतात. काही मोठ्या मांजरांना कानात किडे असूनही खाज येत नाही. ती स्वतः मजेत राहतात आणि पिल्लांना देत बसतात. मी अशा वेळी वाद घालत नाही. काकूंच्या ओट्यावरच काळा कागद आणि टॉर्च काढते. एकदा ठिपका सरकताना दिसला की काकू स्वतःच विचारतात, "मग आता कितीला पडेल?" घरात कुत्रा असेल तर त्यालाही दाखवा, हेच किडे त्याच्याही कानात राहतात.

औषध: कुठे पैसे घालायचे

काचेवर किडे दिसले तर डॉक्टर बहुधा दोनपैकी एक वाट धरतात. एक म्हणजे मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, कातडीवर लावायचं औषध. सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असलेलं. एक ट्यूब, एका वेळचं काम, महिन्याने गरज पडली तर पुन्हा. कानाशी झटापट नाही. लहान पिल्लांना कुठल्या वयापासून चालतं ते औषधागणिक बदलतं, 2 महिन्यांच्या आतल्या पिल्लाला विचारल्याशिवाय लावू नका. पिसवांवरही याचा उपयोग होतो, म्हणजे एका खर्चात दोन कामं. घेताना महाग वाटतं, पण थेंबांच्या चार फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरी वाट आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनची. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात हे बहुधा असतं, कारण गाई-म्हशींना लागतं, आणि खिशाला सगळ्यात हलकं हेच. सहसा दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं, तारीख चुकवू नका. पण ही बाटली विकत आणून घरी टोचू नका. गुरांच्या नेहमीच्या बाटलीत 1 मिलीला 10 मिलिग्रॅम औषध असतं. तीन किलोच्या मांजराला लागतं ते 1 मिलीच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. सिरींजवर एक रेघ इकडची तिकडे झाली की दुप्पट डोस, आणि जास्त झालं तर मांजर लटपटतं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं. पिल्लं तर फार नाजूक.

दोन्ही वाटांना वजन लागतं. मांजराला पिशवीत घालून पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर ठेवा, आधी रिकामी पिशवी तोलून घ्या. गिरणीवाले दादा हसतील, हसू द्या. अंदाजपंचे "असेल तीन-चार किलो" सांगण्यापेक्षा बरं.

आळीतली पाच-सहा मांजरं एकाच दिवशी करायची असतील तर चार घरांत पैसे वाटून घ्या. डॉक्टरही एकगठ्ठा मांजरं आली तर वेळ काढतात, फक्त आधी सांगून जा. मांजर न्यायला महागडी पेटी नको. भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट एकमेकांवर उपडे ठेवून सुतळीने बांधले की झाली पेटी. आत त्याच्याच वासाचं जुनं लुगड्याचं फडकं घाला.

आणि कुठे पैसे घालू नयेत तेही सांगते. सुगंधी इअर क्लीनर, कान पुसायचे पुडके, केस चमकवणारं टॉनिक. काचेवर काय आहे हे कळेपर्यंत यातलं काहीही घेऊ नका. नंतरही बहुधा गरज पडत नाही.

गोठ्यातलं आणि स्वयंपाकघरातलं

जिल्ह्यात बऱ्याच घरी गोठा आहे आणि गोठ्याच्या फळीवर गोचिडाचं औषध. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ यातलं काहीही मांजराला लावू नका. "गाईला चालतं, मग मांजराला थोडं पातळ करून" हा हिशेब मांजरांना लागू पडत नाही. कुत्र्यांच्या गोचिडावरच्या काही ट्यूबमध्ये परमेथ्रिन असतं, त्यानेही मांजरं दगावतात. डब्यावर कुत्र्याचं चित्र असलेलं औषध कुणी प्रेमाने दिलं तरी नाव वाचून घ्या.

स्वयंपाकघरातही धोका आहेच. कापूर घातलेलं खोबरेल, लसणाची फोडणी दिलेलं तेल, टी ट्री ऑइल, डेटॉल. मांजराचं यकृत अशी द्रव्यं निकामी करण्यात कमजोर असतं आणि कानात घातलेलं ते पंजाने काढून चाटतंच. सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्झिडिन असतं, ते फाटक्या पडद्यातून आत गेलं तर मांजर बहिरं होऊ शकतं. हळद विषारी नाही, पण पूड मळात कालवली की कानात घट्ट लगदा बसतो आणि डॉक्टरांना आतलं काहीच दिसत नाही. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची गोळी तर अजिबात नको. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

साधं खोबरेल? हे लोक सगळ्यात जास्त विचारतात. काही न घातलेलं, शुद्ध, कोमट खोबरेल तेल मळ मऊ करतं आणि थोडे किडे गुदमरतातही. अंडी मरत नाहीत. पू, रक्त किंवा तिरकी मान असेल तर तेही नको. दवाखाना दोन दिवसांवर असेल तर तोवरची मलमपट्टी म्हणून ठीक, पण तपासणीच्या दिवशी घालू नका.

कान साफ करायचा तर

मांजराच्या कानाची नळी सरळ नसते. आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. इअरबड घातला की मळ त्या वळणापाशी ठासला जातो. बड फक्त पाळीच्या घड्यांसाठी, जेवढं डोळ्याला दिसतं तेवढ्यापुरता.

मेडिकलमध्ये सलाईनची 100 मिलीची छोटी बाटली मिळते, तीच पुरते. बाटली गरम पाण्यात ठेवून अंगाइतकी कोमट करा. गार पाणी आत गेलं तर मांजराला चक्कर येते, मग ते पुन्हा कधी कान हातात देत नाही. जुन्या टॉवेलात मांजराला मानेपर्यंत गुंडाळा, पंजे आत. एकाने मांडीवर धरायचं, दुसऱ्याने पाळी वर ओढून काही थेंब कानात सोडायचे. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या वर, बोटांनी हलकं चोळायचं. बरोबर जागा सापडली की आतून पचपच आवाज येतो. वीस-तीस सेकंद चोळा आणि मागे सरका, कारण आता ते मान झटकणार आणि काळं पाणी भिंतीवर, तुमच्या साडीवर, सगळीकडे. बाहेर आलेलं कापसाने टिपा. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. रोज धुतलं तर कान ओला राहतो आणि बुरशीला आयतंच आवतण.

पांघरुणं, झोपायचं पोतं, क्रेटमधलं फडकं गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. मांजराच्या अंगावरून पडलेला किडा काही दिवस तग धरतो. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा.

धरताना चावलं किंवा रक्त येईल असं ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. सरकारी रुग्णालयात ती लस फुकट मिळते. बाहेर फिरणारं मांजर असेल तर टाळाटाळ नकोच.

कुठे जायचं

साध्या त्रासाला जवळचा सरकारी जनावरांचा दवाखाना. केस पेपरची फी नाममात्र असते. सकाळी लवकर जा, पण गाई-बैलांच्या रांगेत मांजर बिथरतं, म्हणून क्रेटवर चादर टाका आणि बाहेर सावलीत थांबा. मायक्रोस्कोप आहे का हे आधी फोन करून विचारलं तर हेलपाटा वाचतो. नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. मामला चिघळला असेल तर खंबाटकी घाटाच्या पलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुणे रस्त्यालाच. शिकवण्याचं ठिकाण असल्यामुळे विद्यार्थी आणि प्राध्यापक कान नीट बघतात, घाई कमी असते, फक्त अर्धा दिवस मोकळा ठेवा. गंमत म्हणजे साताऱ्याच्या सिव्हिललाही नाव क्रांतिसिंहांचंच आहे, तेव्हा रिक्षावाल्याला मांजर दाखवूनच पत्ता सांगा.

यातली काही लक्षणं दिसली तर पैशांचा विचार नंतर करा: मान एका बाजूला कलणं, गोल गोल फिरणं, बुबुळं थरथरणं, एक पापणी खाली पडून तिथली बाहुली बारीक होणं. त्रास मधल्या किंवा आतल्या कानात गेल्याचं हे चिन्ह. पाळी अचानक फुगली तर आत रक्त साठलेलं असतं, ते घरी सुईने काढायच्या भानगडीत पडू नका. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर न भरणारी जखम असेल तर उन्हामुळे होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरची शंका घेतात. ते लवकर दाखवलेलं बरं. आणि कानाच्या कडेला जाड राखी खपल्या येऊन त्या तोंडाकडे पसरत असतील तर ती वेगळीच खरूज. ती माणसालाही काही दिवस खाजवते. लहान मुलांना त्या मांजरापासून लांब ठेवा.

तरीही परत आलं तर

सगळ्या मांजरांना औषध झालं, तारखा पाळल्या, महिन्याने काच परत बघितली आणि किडे नाहीत. तरी खाज आहे. मग किड्यांचा नाद सोडा. मोठ्या मांजरात पिसवांची किंवा खाण्याची अ‍ॅलर्जी कानातून बोलते. बहुधा दोन्ही कान लाल होतात. पिसवा आधी बघा, ते स्वस्त आहे. अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. खाण्याची परीक्षा लांबलचक असते. आठ आठवडे तरी एकाच प्रकारचं अन्न, आणि आळीत चार घरी जेवणाऱ्या बोक्याला ते जमवणं म्हणजे कठीण. जमणार नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा, खाज आटोक्यात ठेवायचे दुसरे मार्ग असतात.

तरुण मांजराचा एकच कान सारखा वाहत असेल, सोबत घोरणं किंवा गिळताना त्रास असेल, तर आत मांसाची गाठ, पॉलिप, वाढलेली असू शकते. तिथे थेंबांवर घातलेला प्रत्येक रुपया वाया. ती काढावीच लागते आणि त्यासाठी भूल लागते. अशा वेळी शिरवळला जाताना आधीची सगळी चिठ्ठ्या-औषधं आणि तारखांचा कागद बरोबर न्या, आणि भुलीसाठी किती तास उपाशी ठेवायचं हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. नाहीतर सकाळी कुणीतरी शेजारी प्रेमाने वाटीभर दूध पाजतं आणि तारीख पुढची मिळते.